दोनशे अकरा पावलं

"एकट्या पुरुषाला मी जागा देत नाही," घरमालकीणबाईंनी दारातच सांगून टाकलं.

"एकटा कुठला? लेक येते की दर रविवारी!" मी ठोकून दिलं. "तिला स्टेशनवरून चालत यायला बरं, म्हणून तर इथे बघतोय."

अगदीच थाप नव्हती हो ती. लेकच फोनवर म्हणाली होती, "बाबा, तुमचं घर पडलं आडबाजूला. स्टेशनजवळ असतात तर दर रविवारी आले असते." झालं! मी चाळीस वर्षं पंप दुरुस्त करणारा माणूस, बिघाड कळला की हात स्वस्थ बसत नाहीत. तीन महिने लोकांचे जिने चढलो-उतरलो. कुठे नळाला पाणी नाही, कुठे म्हातारा भाडेकरू नको. शेवटी ही खोली मिळाली. स्टेशनच्या दारापासून दोनशे अकरा पावलं. मोजलीत मी.

पहिल्या रविवारी लेकीला ऑफिसचं काम निघालं. दुसऱ्या रविवारी तिचं डोकं दुखत होतं. तिसऱ्या रविवारी तिनं फोनच उचलला नाही. खिडकीतून स्टेशनबाहेर पडणारी माणसं दिसतात, आणि खाली घराचं फाटकही. लेकीच्या चालीची कुणी दिसली की मी उगाच उठून उभा राहायचो. फार वाईट वाटायचं, आता इथे तरी खोटं कशाला बोलू?

चौथ्या रविवारी दुपारी दार वाजलं. धावलो. बघतो तर खालच्या मजल्यावरून घरमालकीणबाई आलेल्या, ट्रेमध्ये दोन कप चहा.

"आली ना लेक?"

नाही म्हणालो असतो तर जागा गेली असती.

"आलीये ना. पण दमलीये बिचारी, जरा पडलीये," मी दार अडवून म्हणालो.

"राहू दे, उठवू नका."

दोन्ही कप मीच प्यायलो. दुसरा पार गार झाला होता. विसळून खाली द्यायला गेलो, तर बाई जेवणाची भांडी आवरत होत्या. ओट्यावर दोन ताटं. एक धुतलेलं, ओलं. दुसरं कोरडं ठणठणीत.

"माझाही मुलगा येतो, दर रविवारी," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "आत्ताच गेला."

मी सकाळपासून खिडकीत होतो. त्यांच्याकडे कुणी आलं नव्हतं, की गेलं नव्हतं.

"एकदा भेट घालून द्या त्याची," मी म्हणालो.

"देईन की," त्या म्हणाल्या, आणि ते कोरडं ताटही फडक्यानं पुसायला घेतलं.