म्यूट केलेला मामा

माझा मोबाइल भरला तो आमच्या रामकिसनमामामुळं, हे मी आजही छातीठोक सांगते. मामाचं फर्दापूरला चहाचं दुकान. पहाटे शेगडी पेटवायच्या आधी तो सगळ्यांना 'शुभ सकाळ' पाठवणार. कधी गुलाब, कधी कमळ. घरच्या ग्रुपवर तेच अन् मला वेगळंही तेच. आधी तर वर "रात्री जेवलीस का?" हेही विचारायचा. एकदा मी खेकसले, "मामा, मी काय लहान आहे? रोज रोज नको विचारू." तेव्हापासून नुसती फुलं. ग्रुप तर मी म्यूट करून टाकला होता. आठ महिने उघडलाच नाही.

त्या दिवशी तीन वाजेपर्यंत कॉलेजात तनुजा मॅडमकडं माझी फिल्म द्यायची होती. मेंढरं राखणारी आक्काबाई चालता चालता काय काय सांगते, त्याची सहा मिनिटं. चाळीस मार्क होते त्याला. गारखेड्याच्या खोलीवर एडिटिंगला बसले, शेवटी नुसती नावं टाकायची राहिली होती, तर मोबाइल म्हणे जागाच नाही. टाळकं सणकलं. म्हटलं, थांब मामा, तुझे गुलाबच उपटते. भराभर सगळं निवडलं, डिलीट केलं, वर शहाणपणा करून ट्रॅशही रिकामा केला.

मग फिल्म शोधायला गेले तर फुलांसोबत आक्काबाईही गेलेली!

पुन्हा शूटिंग करावं तर आक्काबाई मेंढरं घेऊन कधीच लांब निघून गेलेली, तिच्याकडं फोन नाही. मला रडू आलं अन् रडण्यापेक्षा जास्त राग आला. मामालाच फोन लावला.

"जय भीम, विशाखा!"

रागातही जय भीम म्हणाले अन् मग सुटले. "तुझ्या फुलांपायी माझी फिल्म गेली, मामा! आता नापास होते मी!"

मामानं सगळं ऐकून घेतलं. "मेंढरंवाल्या बाईची? अगं, मागल्या महिन्यात तू इकडं आलती तवा तूच मला पाठवली व्हती. म्या लगेच ग्रुपवर टाकली. बघितली नाय व्हय?"

ग्रुप उघडला. फिल्म होती, अख्खी सहा मिनिटं. खाली मामानं लिहिलेलं, 'माझ्या भाचीनं काढली. सर्वांनी बघा.'

ती डाउनलोड होईस्तोवर ग्रुपवरचे जुने मेसेज सरकवत राहिले. रोज एक फूल अन् रोज फुलाखाली मामाची तीच ओळ, 'विशाखा रात्री जेवली का?' त्याखाली आईचं, 'जेवली असंल.' आठ महिने, एकही दिवस खाडा नाही. मला विचारायची बंदी होती ना, म्हणून माणूस ग्रुपला विचारत होता.

नावं टाकून पावणेतीनला फिल्म दिली. बाहेर येऊन ग्रुपवर लिहिलं, 'मामा, लई उपकार झाले तुझे. सकाळपासून जेवले नाही. आता जेवते.'

लगेच गुलाब आला. तो मी ठेवलाय.