वळणाचा वेळ

दर सोमवारी सूर्योदयाबरोबर हॉकी संघाच्या मैदानावर एक विधी नेमाने पार पडे, आणि त्याचा अधिकारी होता थोरला. खेळाडूंनी गोलरेषेपासून मधल्या रेषेपर्यंत धावावे, वळावे, परत यावे. अशा सहा फेऱ्या. त्यांचा एकूण वेळ कागदावर चढे आणि कागद समितीकडे जाई. थोरला मात्र आणखी एक वेळ टिपून ठेवी: पाय रोवून अंग फिरवण्यास लागणारा. तो कोणी कधी मागितला नव्हता. हॉकीपटूचे वय धावण्यात मागाहून दिसते, वळण्यात आधी, हे ज्ञान त्याला त्याच्या स्वतःच्या गुडघ्याने दिले होते.

अकरा वर्षांपूर्वी तो याच संघाचा बचावपटू होता. करार वाढवण्याची वेळ आली, तेव्हा अध्यक्षांनी त्याच्या धाकट्या भावाला, संघातल्या उगवत्या ताऱ्याला, बोलावून विचारले, "घरचा माणूस म्हणून सांग, तुझ्या दादात अजून किती खेळ उरलाय?" धाकटा म्हणाला, "दादाचा गुडघा संपलाय, साहेब." संध्याकाळी घरी येऊन, मान खाली घालून, त्यानेच हे दादाला सांगितले. त्या हंगामाअखेर थोरल्याचे खेळणे संपले. पुढे संघाने त्याला व्यायामशिक्षक म्हणून ठेवून घेतले आणि सारे त्याला मास्तर म्हणू लागले. परंतु धाकट्याचे ते एक वाक्य त्याने एखादे व्रत पाळावे तसे अकरा वर्षे मनात जपले.

आता धाकटा चौतिशीत होता, कर्णधार होता. त्याच्या कराराचे दीड वर्ष शिल्लक होते. म्हणजे निर्णयाची घाई कोणालाच नव्हती. पण संघाने लागोपाठ सात सामने जिंकले आणि अध्यक्षांचे पाय जमिनीवर ठरेनात.

"मास्तर, कप्तानाला आणखी तीन वर्षं बांधून ठेवावं म्हणतो. आत्ताच. थांबलो तर कुणीतरी पळवून नेईल."

गेल्या आठ महिन्यांत धाकट्याचे डावीकडचे वळण पार मंदावले होते. ती तूट तो स्वतःच्याही नकळत सरळ धावेत जीव तोडून भरून काढी, म्हणून एकूण वेळ ढळत नव्हता. हे संघात एकट्या थोरल्याला ठाऊक होते.

"कागद बघा ना, साहेब. तीन वर्षांत घसरण नाही."

"कागद बघितला. तुम्ही भाऊ त्याचे. तुमचं मन काय म्हणतं?"

ज्या प्रश्नाची त्याने अकरा वर्षे वाट पाहिली, तो असा सहजगत्या समोर येऊन बसला.

"मन म्हणतं, तीन कशाला, चार करा. आणि एक कलम घाला. मुदत पुरी केली तर पुढचं प्रशिक्षकपद त्याचं. मध्येच सोडलं तर नाही. मग बघा, जागचा हलतो का!"

"वा! भाऊ असावा तर असा!" अध्यक्ष उद्गारले.

घरी पत्नी चादरीची घडी घालता घालता थांबली. "भाऊजींचा पाय बरा नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"म्हणालो होतो."

"मग? तुमच्या मनात काहीतरी शिजतंय."

"शिजून झालं," तो म्हणाला.

त्याचे गणित सरळ होते. शिखरावरून ज्याला खाली उतरवले, त्याच्यासाठी लोक चार दिवस हळहळतात. ज्याला तिथेच बसवून ठेवले, त्याच्याकडे पाहून पुढे तेच लोक दात काढतात.

त्या कलमासकट करारावर सही झाली, आणि तसेच घडले. पुढच्या हंगामात प्रतिपक्षांनी ती डावी बाजू हेरली. चेंडू त्याच्या डावीकडून सरके आणि तो वळेपर्यंत समोरचा गोलापाशी पोहोचलेला असे. प्रेक्षकांतून आरोळी उठे, "कप्तान, वळताना सिग्नल द्या हो!" त्याला बसवावे, तर अध्यक्षांची चूक चव्हाट्यावर येणार, दुसरीकडे धाडावे, तर चार वर्षांच्या ओझ्यासकट त्याला घेतो कोण? आणि त्याने स्वतःच सोडावे, तर प्रशिक्षकपद हातचे जाणार. म्हणून तो प्रत्येक सामना खेळे. बाकावर बसलेल्या थोरल्याच्या कानी ते हास्य सनईसारखे मधुर पडे. मूळ करारच अजून सरला नव्हता. वाढीव वर्षांचा पहिला दिवस उजाडायचा होता.

पाच गोलांनी हरलेल्या एका सामन्यानंतर धाकटा उपचारखोलीत आला. थोरला त्याच्या गुडघ्यावर पट्टी बांधू लागला.

"दादा, तुला कळलं होतं ना? सही व्हायच्या आधी?"

"आठ महिने आधी."

"आणि तू गप्प बसलास? अरे, मी सही केली ती तुझ्या भरवशावर! म्हटलं, दादा मोजतोय, काही कमी असेल तर तोच अडवेल."

"तू साहेबांपुढे तोंड उघडलंस, तेव्हा मी कुणाच्या भरवशावर होतो?"

"मी खरं बोललो होतो! तुला कुणी हसू नये म्हणून बोललो. तुझ्या शेवटच्या सामन्याला सगळं मैदान उभं राहिलं होतं, दादा. माझ्यासाठी कोण उभं राहील?"

थोरल्याचे हात थबकले. ते उभे राहिलेले मैदान त्याला स्मरत होते. आजवर लोकांचे ते उभे राहणे त्याने दया समजून मनातल्या मनात लाथाडले होते. तो आदर असू शकेल, हा विचार क्षणभर त्याच्या दाराशी आला. परंतु त्याला आत घ्यावे, तर अकरा वर्षांचे व्रत वाया जाणार होते. त्याने पट्टीचा शेवटचा वेढा घट्ट ओढला.

"अजूनही वेळ गेली नाही," धाकटा काकुळतीने म्हणाला. "साहेबांना सांग, ते कलम काढा, मला मानानं सोडा. तुझा शब्द ते खाली पडू देत नाहीत."

"सांगतो."

"खरंच?"

"आत्ताच वर जातोय. त्यांनी बोलावलंच आहे, कप्तानाचं काय करायचं ते विचारायला. सांगेन, वाईट दिवस सगळ्यांनाच येतात. चार वर्षं हा गडी सहज काढेल."

धाकट्याचा चेहरा उतरला. "दादा, मी तुझा सख्खा भाऊ आहे रे!"

"म्हणून तर ते मला विचारतात," थोरला शांतपणे म्हणाला, आणि जिना चढू लागला.