रीनाचं बहुमत

सिहोऱ्याच्या राइस मिलमध्ये कामगारांच्या दोन युनियन आहेत आणि दोन्हींत मिळून दोन सभासद. एकीचे अध्यक्ष यादोराव हमाल, दुसरीचे केवळराम हमाल. एकेकाळी युनियन एकच होती आणि सभेला मिलचं अंगण पुरत नसे. मग साखळी उपोषणात चहा चालतो की नाही यावरून फूट पडली. पुढे पोती वाहायला यंत्राचा सरकता पट्टा आला, हमाल नागपूरला निघून गेले. फूट मात्र कायमच्या नोकरीत राहिली.

चंद्रकुमार शेठ तत्त्वाचा माणूस. तो फक्त बहुमतवाल्या युनियनशी बोलतो. एकास एक असल्यामुळे कित्येक वर्षांत तो कुणाशीच बोललेला नाही. तब्येत उत्तम आहे.

अशात रीनाला कामावरून काढलं. ती मिलमधला कोंडा झाडायची. खोकला थांबेना, म्हणून तिने तोंडाला बांधायला कापड मागितलं. मुकादम म्हणाला, "उद्यापासून येऊ नोको, खोकला आपोआप थांबते."

दोन्ही अध्यक्ष फाटकासमोरच्या कडुलिंबाखाली पाठीला पाठ लावून बसायचे, कारण सावली एकच होती. रीना यादोरावांपुढे उभी राहिली.

"माहं काम गेलं जी. शेठले बोला न."

"बोलतो न! पयले सभासद हो. उपाध्यक्ष करतो तुले."

पाठीमागून केवळराम खाकरले. "पोरी, त्याच्या नादी नोको लागू. उपोषणात चहा पेते तो बुडा. माह्याकडं ये, सरचिटणीस करतो."

"अन् तू लपून आलुबोंडा खाल्ला होता, तो कायले बे?"

"औषध म्हून!"

दुपारपर्यंत रीना उपाध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार आणि महिला आघाडीची प्रमुख झाली. कामावर मात्र नव्हती.

"तुमी दोघंही माह्या युनियनमदी या," ती शेवटी म्हणाली.

"तुही कोनती युनियन?"

"आत्ताच काढली."

केवळराम घाबरले. "सारे एकाच युनियनमदी आलो, तं मंग भांडाचं कोनासंग?"

"शेठसंग."

दोघांनी माना वळवून एकमेकांकडे पाहिलं. हा मुद्दा आजवर कुठल्याच बैठकीत आला नव्हता.

तिघे ऑफिसात शिरले तेव्हा शेठने नुकताच डबा उघडला होता.

"बहुमत कोनाचं?" त्याने सवयीने विचारलं.

तीन हात वर गेले. शेठचाही अर्धा गेला, मग त्याने तो खाली घेतला आणि जुनं हत्यार काढलं. "अध्यक्ष कोन तुमच्यात? मी अध्यक्षासंगच बोलतो."

यादोरावांची छाती पुढे आली. केवळरामांचीही आली. तेवढ्यात रीनाला उबळ आली. ती भिंत धरून खोकत राहिली, आणि दोन्ही छात्या हळूहळू आपापल्या जागी गेल्या.

"केवळराम अध्यक्ष," यादोराव म्हणाले.

"नाही, यादोराव."

"मोठा नेता तूच हायेस बे!"

"मले मोठा म्हन्तं? मोठा तू! तुहा बाप मोठा!"

दोघांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या. वांग्याची भाजी थंड झाली. वरणावर साय धरली. टेबल दोनदा सरकलं तेव्हा शेठ ओरडला, "घ्या रे तिले कामावर! कापडही द्या! पन या दोघायले बाहेर काढा!"

बाहेर वाद आणखी पेटला. समोरच्याला अध्यक्ष होणं भाग पडावं म्हणून दोघांनीही सभासदत्वाचा राजीनामा दिला. युनियन पुन्हा एकावर आली.

रीना तोंडाला कापड बांधून आली होती.

"दोघायचेही राजीनामे नामंजूर," ती कापडाआडून म्हणाली आणि कोंडा झाडायला आत गेली.