हळदीआधी घातलेली नावं

"सौ. निघालं. आता आडनाव," बिभीषण म्हणाला. त्याने ताट उलटं करून मांडीवर घेतलं आणि पॉलिश पेपरचा नवा तुकडा फाडला.

टाकलेली नावं घासून काढण्याचा त्याचा हा तिसरा दिवस होता. मी नेहमीसारखा शेजारच्या पायरीवर बसलो होतो. शेवगावातल्या या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बिभीषण गेली एकतीस वर्षं भांड्यांवर नावं टाकतो. वाचनालय बारा ते चार बंद असतं. तिथून निवृत्त होऊन मला नऊ वर्षं झाली, तरी ती चार तासांची पोकळी माझ्या अंगातून गेलेली नाही, म्हणून मी इथे येऊन बसतो. त्याला माझी गरज नाही. मला त्याची आहे का, हे मी स्वतःला विचारत नाही.

या माणसाचा एक नियम होता. लग्नाची भांडी घेऊन कोणी आलं की तो आधी विचारायचा, "हळद लागली का?" नसेल लागली तर भांडी परत पाठवायचा. "एकदा नाव टाकलं की दुकानदार भांडं परत घेत न्हाई, आन तुमाला दुसरीकडं देता येत न्हाई. हळद लागू द्या." कितीतरी बायका त्याच्यावर चिडून गेल्या. माजी सभापतींच्या बायकोलाही त्याने दोनदा हेलपाटा घालायला लावला होता.

आणि याच माणसाने स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी, लग्नाला दीड महिना असताना, हंड्यापासून चमच्यापर्यंत सगळ्या भांड्यांवर नाव टाकलं: सौ. दिशा अमृत कातोरे. मी त्याला तेव्हा टोकलं होतं. तो लाजून हसला आणि म्हणाला, "घरचं हाय सर. लई दिवस वाट बघितली."

लग्नाला बारा दिवस राहिले असताना मध्यस्थाचा फोन आला. पत्रिका जुळत नाही म्हणे. पत्रिका छापून वाटून झाल्यावर त्यांना हे कळलं. खरी गोष्ट अशी की, अमृतला सरकारी नोकरी लागली होती आणि नगरहून एक स्थळ आलं होतं, फ्लॅटसकट. हे अख्ख्या शेवगावला माहीत होतं.

आणि बिभीषणने काय केलं? तो भांडी घासत बसला.

मला त्याचा संताप आला असं म्हणालो तर ते खोटं होईल. संताप बरोबरीच्या माणसाचा येतो. मला तो तुच्छ वाटला. गोगलगाईला शिंगं असतात, याला तीही नव्हती.

मी पत्र लिहिलं. चार पानी, अमृतच्या वडिलांच्या नावे. भाषा माझ्यापुरती बरी होती. शब्द फिरवणं, मुलीच्या आयुष्याचा बाजार मांडणं, समाजाला तोंड दाखवणं, सगळं त्यात होतं. बिभीषणने ते माझ्याकडून वाचून घेतलं, मान हलवत ऐकलं.

"छान लिव्हलंय. पण धाडू नका."

"का?"

"धाडून पोरगं वळंल का? आन वळलंच, तर असलं पोरगं घेऊन करू काय?"

"म्हणजे गप्प बसायचं?"

"गप कुठं बसलोय? काम करतोय की."

मी पत्र खिशात घातलं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. ते पत्र माझ्या सहीने पाठवायचं धैर्य माझ्यात नव्हतं आणि त्याच्या सहीने पाठवण्यात काही मोठा पराक्रम नव्हता. पण ही गोष्ट मी त्याच्या खात्यावर लिहिली आणि त्याला आणखी एक पायरी खाली ढकललं.

त्याच आठवड्यात वाचनालयाची व्याख्यानमाला होती. विषय होता 'मनःशांती'. वक्ते पुण्याचे. पांढरा, बिनकॉलरचा सदरा, गालापाशी मुंगीएवढा माईक. आयुष्य जसं उलगडेल तसं बघा म्हणाले, विरोध करू नका म्हणाले, नदी काठाशी भांडत नाही म्हणाले. प्रवरेला पूर आला की ती काठाशी काय करते हे त्यांना कोणी तरी नेवाशाला नेऊन दाखवायला हवं होतं. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले आणि सगळ्यांनी मिटले. पहिल्या रांगेत अमृतचे वडील सहादेवराव होते. मंडप त्यांनी दिला होता. त्यांनी इतरांपेक्षा अंमळ जास्तच घट्ट डोळे मिटले होते. प्रास्ताविक माझ्याकडे होतं. शब्द फिरवणाऱ्यांबद्दलच्या शेवटच्या दोन ओळी मी त्यांना समोर बघून गाळल्या, त्या कोणाला गाळल्यासारख्या वाटल्या नाहीत.

बिभीषण मागे उभा होता. वक्त्यांना द्यायच्या तांब्यावर त्याने ऐन वेळी नाव टाकून आणलं होतं. दहा मिनिटं थांबून तो गेला.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "कसं वाटलं व्याख्यान?"

"खुर्च्या चांगल्या हुत्या."

"आणि बोलणं?"

"बोलत हुते बरं. त्यांचं भांडं कधी परत आलंय का?"

मी हसलो नाही. एक जण स्वीकार विकत होता, दुसरा फुकट वाटत होता, आणि या दोघांत जास्त निरुपयोगी कोण हे मला ठरवता येत नव्हतं.

"तुला राग येत नाही का रे?" मी शेवटी विचारलं.

"येतो की." पॉलिश पेपर थांबला. "रागात हात हालतो. हात हालला की काम बिघाडतं. मंग हात मांडीवर ठिवायचे आन बसायचं. राग आपला उतारतो. कधी चहा व्हईस्तवर उतारतो, कधी आख्खी दुपार जाती. पोरीच्या टायमाला चार दिस गेले. त्या चार दिसांत मी नाव टाकायच्या मशीनला हात लावला न्हाई, तुमी बघितलंच."

मी बघितलं होतं. मला तो आळस वाटला होता.

तेवढ्यात दिशा आली. ती इथल्याच एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. दुपारच्या ड्युटीवर जाताना बापाचा डबा देऊन जाते. तिने मांडीवरचं ताट उचललं, उन्हात धरलं. 'सौ.' होतं तिथे पांढरट डाग पडला होता.

"अप्पा, माझं नाव नका काढू. पुढचं-मागचं काढा."

"डाग दिसंल पोरी."

"दिसू द्या. कुणी विचारलं तर सांगीन, दुधाचं ताट होतं, मांजरीने चाटलं." मग तिचं माझ्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. "सर, तुम्ही नका असं तोंड करू. आमच्या दवाखान्यात एक पण कॉट रिकामी नाही."

ती गेली. हीही बापावरच गेली आहे, असं माझ्या मनात आलं, आणि ते कौतुकाने आलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी दुकानासमोर टेम्पो थांबला. सहादेवराव उतरले. कडक इस्त्रीचा पांढरा पोशाख, बोटात पोवळ्याची अंगठी. ड्रायव्हरने स्टीलच्या डब्यांची खोकी पायरीवर ठेवली आणि तो किराणा भरायला पुढे निघून गेला.

"राम राम, बिभीषणराव."

"राम राम."

"एक्कावन्न डबे हायत. पाहुण्यांना वाटायचे. गावात दुसरा नाव टाकनारा न्हाई, काय करता."

मी बिभीषणकडे पाहिलं. माझं ठरलं होतं. याने मशीन हातात घेतलं तर मी या पायरीवर पुन्हा बसणार नव्हतो. माणसाने किती वाकावं यालाही काही हद्द असते आणि ती ओलांडलेली बघायला मला तिथे थांबायचं नव्हतं.

सहादेवराव खाली झुकून जरा हळू म्हणाले, "झालं गेलं मनात धरू नका. त्या दिवशी व्याख्यानात पुन्याच्या सरांनी सांगितलंच की, समोर येईल ते मान्य करायचं. मानूस शांत राहतो. आमी पन तेच केलं. पोराचं मन तिकडं गेलं, आमी मान्य केलं."

इतक्या निर्लज्ज स्वीकाराला उत्तर देण्यासाठी माझ्याकडे चार पानं होती. ती घरी टेबलाच्या खणात होती.

"नाव सांगा," बिभीषण म्हणाला.

"अमृत-अश्विनी. खाली परवाची तारीख."

"हळद लागली का?"

सहादेवराव बोटातली अंगठी फिरवत म्हणाले, "उद्या हाय."

"मंग उद्या संध्याकाळी या."

"अहो, उद्या कुठं सवड? परवा सकाळीच वाटायचेत."

"टाकलेलं नाव निघत न्हाई. घासलं तरी डाग ऱ्हातो. मला म्हाईत हाय."

आतून दुकानाचे शेठ बघत होते. रस्त्यावरचा फुगेवालाही थांबल्यासारखा वाटला, पण तो कदाचित आधीपासूनच थांबलेला असेल.

"या टायमाला काय व्हत न्हाई," सहादेवराव म्हणाले.

"बगा बरं. तुमची जबाबदारी."

पण बिभीषणने लगेच मशीन घेतलं नाही. दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले आणि तो बसून राहिला. सहादेवराव घड्याळ बघत होते. त्यांना वाटलं असेल, हा मशीन तापायची वाट बघतोय. मशीन तापावं लागत नाही. मी उठायच्या बेतात होतो तो तसाच अर्धवट थांबलो. पाच मिनिटं गेली असतील, दहाही असतील. मग त्याने पहिला डबा उचलला.

बारीक घरघर सुरू झाली. अक्षरं पडू लागली. मी मान लांब करून पाहिलं. हात कुठे घसरला असेल, मुलीच्या नावात एखादा काना वाकडा गेला असेल, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे, मला तसं हवं होतं. अश्विनी हे नाव इतकं नेटकं उमटलं होतं की जणू त्याच्याच पोरीचं.

एकोणीस डबे झाले आणि वीज गेली.

"आता कवा येती?" सहादेवरावांनी विचारलं.

आतून शेठ म्हणाले, "गुरुवार हाय. लाइनचं काम आसतं. पाच वाजंपर्यंत न्हाई यायची."

सहादेवरावांच्या कपाळावर घाम आला. टेम्पोला पुढे पारनेरच्या पाहुण्यांचं सामान घेऊन जायचं होतं. बिभीषणने पेटीतून जुनी छिन्नी आणि लहान हातोडी काढली. मशीन येण्याआधी तो ठिपका ठिपका ठोकून नाव काढायचा.

"हातानं टाकतो. पन डबा गोल हाय, लोळतो. कोनी तरी धराया पायजे."

सहादेवरावांनी ड्रायव्हरसाठी रस्त्याकडे पाहिलं. तो दिसेना. शेठ एकाएकी हिशेबाच्या वहीत काही तरी शोधू लागले. मग सहादेवराव माझ्याकडे वळले, आणि मोठ्या आदराने म्हणाले, "सर, जरा धरता का?"

मंडप त्यांचा, पहिली रांग त्यांची. बहात्तर वर्षांत असल्या माणसांना मी कशालाही नकार दिल्याचं मला आठवत नाही.

"नाही," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की मला ते पुन्हा म्हणावं लागलं. "नाही धरणार."

बिभीषणने मान वर केली नाही. "बसा की मालक," तो सहादेवरावांना म्हणाला. "उकिडवं बसा. दोन्ही गुडघ्यांत डबा धरा. वरून हात. बोट फुडं आनू नका."

त्याच्या आवाजात टोमणा शोधायचा मी प्रयत्न केला. तो नव्हता. कोणाही गिऱ्हाइकाला त्याने हेच, अशाच आवाजात सांगितलं असतं.

सहादेवरावांनी धोतराचा सोगा सावरला. एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. मग ते पायरीखाली, रस्त्याच्या कडेला, उकिडवे बसले.

टक, टक, टक. प्रत्येक ठोक्याला त्यांचे डोळे मिटत होते.

"मिटू नका. डोळं मिटलं की हात हालतो."

त्यांनी डोळे उघडे ठेवले. त्यांच्या नाकासमोर सुनेचं नाव एकेका ठिपक्याने उमटत होतं. दोन डबे झाले, तीन झाले. चौथ्याला ते फार हळू म्हणाले, "पोरगी कशी हाय?"

"ड्युटीला गेलीय. अंगठा मागं घ्या."

त्यांनी अंगठा मागे घेतला. ऊन सरकून त्यांच्या मानेवर आलं होतं. मी कधी पुन्हा पायरीवर बसलो ते मला कळलं नव्हतं. झालेले डबे माझ्या पायाशी येत होते आणि मी त्यांच्यावरचा स्टीलचा बारीक चुरा रुमालाने पुसत होतो.

"फुडला," बिभीषण म्हणाला.

सहादेवरावांनी हात लांब करून खोक्यातून डबा घेतला आणि गुडघ्यांत धरला.