अंगण कोणी झाडायचं?

कंपार गावच्या बाजारगल्लीत रोकियाच्या घरासमोरच कोक लियाँगचं शिंप्याचं दुकान. रोकियाचा नवरा हमदान सरकारी पक्षाचा, लियाँग विरोधकांचा. दोघांची पैज ठरलेली: ज्याचा पक्ष हरेल त्यानं निकालानंतर दुसऱ्याचं अंगण झाडायचं. तेव्हा निकाल आधीच ठाऊक असायचा. सरकारी पक्ष निवडून यायचा आणि लियाँग मुकाट्यानं खराटा घेऊन हजर व्हायचा. हमदान ओट्यावर बसून त्याला राहिलेली पानं दाखवत छळायचा. मग रोकिया दोघांना नारळाच्या दुधात शिजवलेला भात, नासी लमाक, वाढायची, की भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू.

वर्षानुवर्षं असंच चाललं. एकदा मात्र सरकारी पक्ष आपटला. गुडघे धरलेला हमदान खराटा घेऊन रस्ता ओलांडून गेला, आख्खी गल्ली बघायला लोटली. लियाँगनं त्याला खराट्याचे चार हात मारू दिले आणि खुर्ची पुढे केली. हमदानची ती शेवटची निवडणूक.

यंदा निकाल लागला तो असा की बहुमत कोणालाच नाही. टीव्हीवर सकाळी एक पुढारी हसायचा, संध्याकाळी दुसरा. देशाच्या राजानं सगळ्या पुढाऱ्यांना राजवाड्यावर बोलावलं म्हणे. पण सरकार कोणाचं, ते कोणीच सांगेना. रोकियाला घर खायला उठलं. हमदान असता तर टीव्हीशीच भांडला असता.

अशात एका सकाळी लियाँग येऊन ओट्याच्या कडेला टेकला.

"वहिनी, यंदा कोणी झाडायचं?"

रोकियाला हसू आलं नाही. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं ती बोलून गेली. हमदानच्या पक्षाला तिनं एकदाही मत दिलं नव्हतं. तिचे वडील रबराच्या मळ्यात राबायचे. त्यांच्या संपात पाठीशी उभे राहिले ते विरोधकच. ते ती विसरली नव्हती.

"ह्यांना कधी सांगितलं नाही. वाटायचं, मन मोडेल."

लियाँग म्हणाला, "त्याला ठाऊक होतं, वहिनी."

"काय सांगता, भाऊजी?"

"मतदानाच्या दिवशी तुम्ही त्याच्याशी नको तितकं गोड बोलायचात. मला म्हणायचा, माझं मत घरातच कापलं जातं, तरी हरतोस तूच. लाज वाटू दे जरा."

रोकिया खळखळून हसली. हसता हसताच तिनं ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. आपण ज्याला जपत होतो, तोच आपल्याला जपत होता.

सरकार कोणाचं, ते पुढे ठरलं. रोकियाला ते मासळीबाजारात कळलं. घरी न जाता ती तडक लियाँगच्या दुकानात शिरली. तो कापड बेतत होता. तिनं नाव सांगितलं.

"बरं," म्हणाला आणि मासा कोणता मिळाला ते विचारलं.

"बांगडा."

हमदानचा आवडता. लियाँगनं कात्री खाली ठेवली, तिच्यासाठी स्टूल ओढलं, आणि दोघं हमदानच्या गोष्टी काढून बसली. सरकारचं नाव पुन्हा निघालं नाही.