बाहेरची

चोपन्न सालच्या मे महिन्यात हेमाशी माझं लग्न जमता जमता अडलं ते तिच्या आईपाशी. सुमतीबाई म्हणाल्या, "आनंदराव, आधी तुमच्या गाडीत बसून बघते."

मला वाटलं, जिंकलो! गाडी जुनी असली तरी विलायती. पुढच्या फळीखाली दोन दांड्या होत्या. एक ओढली की बाहेरची हवा आत येई, दुसरी ओढली की इंजिनाची ऊब. वरची इंग्रजी अक्षरं पुसली होती, म्हणून मी कोपरीला घरी बसून सुबक अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या. चिठ्ठ्या लहान, त्यामुळे एकीवर 'गरम' आणि दुसरीवर नुसतंच 'बाहेरची'.

भर दुपारी कल्याणहून आंबिवलीला निघालो. हेमा मागे, बाई पुढे. बाईंनी चिठ्ठी वाचली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"लग्नाची मुलगी गाडीत, आणि तुम्ही बाहेरची आत घेता?"

"अहो, बाहेरची म्हणजे हवा!"

"हवाच म्हणतेय मी! पिंपळाखालची हवाच तर लागते माणसाला." त्यांनी ती दांडी खाडकन बंद केली, काचाही लावायला लावल्या. आतली हवा आतच शिजू लागली.

शहाडच्या पुढे इंजिनाचा काटा लाल खुणेला टेकला. आता उपाय एकच होता. 'गरम' ओढायची, म्हणजे इंजिनाची आग आपल्या अंगावर येते आणि ते निवतं. पण मे महिन्यात, होणाऱ्या सासूच्या पायांवर? इंजिन वाचवू की लग्न? मनातल्या मनात कुलदैवताची माफी मागितली आणि ओढली.

"अगं बाई! खाली चूल पेटवलीत की काय?"

थापा मारायचं त्राण नव्हतं. म्हणालो, "इंजिन तापलंय. त्याचा ताप आपण सोसला तरच पोचू."

बाईंनी पाय मागे ओढून घेतले. काटा हळूहळू उतरला. आंबिवलीला त्या उतरल्या तेव्हा घामाने न्हाल्या होत्या. मी मनातल्या मनात मुंडावळ्या सोडल्या.

बाई हेमाकडे वळल्या. "गाडी भिकार आहे. पण समोरचं तापलं की हा माणूस ओरडत नाही, लाथ घालत नाही, मुकाट सोसतो. मुहूर्त बघायला सांगते. तुझ्यासारखीला असाच नवरा लागतो, मला तीच काळजी होती."

हेमाने आईकडे नाही, माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. काळजी कसली, ते मला जागच्या जागी समजलं.