चौथी रेघ

भाची लॅपटॉप घेऊन दारात उभी राहिली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"मामा, आईने जुनी रिळं कॉम्प्युटरवर चढवून घेतलीयत. तुमची शेवटची शर्यत आहे त्यात."

"अडतीस वर्षांनी बरी आठवण झाली."

"सोमवारी बाबांचं हृदयाचं ऑपरेशन आहे."

म्हणजे पाणी इथे मुरत होतं. तिचे बाबा म्हणजे माझा मेहुणा. जुन्या गाड्यांच्या शर्यतीत गाडी मी पळवायचो, मेकॅनिक तो. प्रत्येक नट दोनदा तपासतो म्हणून त्याचं नाव 'दोनदा' पडलं होतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! तिसऱ्या वळणावर मागचं डावं चाक निखळलं आणि माझा गुडघा कायमचा गेला. दवाखान्यात त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "ते चाक कसायचं राहिलं होतं." पुढचं मी ऐकून घेतलं नाही. त्याला खोलीबाहेर काढलं. त्यानंतर त्याचं तोंड पाहिलं नाही, आणि त्याच्यापायी सख्ख्या बहिणीचंही.

"माफीचं सर्टिफिकेट न्यायला पाठवलंय का तुला?"

"आईने पाठवलंय. बाबांना माहीतही नाही."

हे तर मला मुळीच पटलं नाही. आजकाल काहीही कापून काहीही जोडता येतं. कुठे जोडलंय ते पकडायचंच, म्हणून मी चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली.

चित्र मुकं होतं. आधी बराच वेळ बहिणीच्या चपला दिसल्या, मग तिरकी जमीन. शूटिंग तिचंच, यात शंका नव्हती. मग आमची गाडी आली आणि तिच्याशेजारी उकिडवा बसलेला दोनदा. आमचा एक नियम होता: ज्याने नट कसले, त्यानेच चाकावर खडूची रेघ ओढायची. चार रेघा मोजल्याशिवाय फाटकावरचा माणूस गाडी आत सोडत नसे.

दोनदाने तीन चाकं कसली. कसायचं, पुन्हा पाना लावून बघायचं, मग रेघ.

"थांबव. मागे घे. इथे कापलंय."

तिने तीनदा मागे घेतलं. मागच्या बाकावर एक जाडा माणूस केळं खात होता. तिन्ही वेळा ते केळं मध्ये कुठेही उडी न मारता घासाघासाने संपलं. कुठेही कापलेलं नव्हतं. तरी माझी खात्री होईना.

चौथं चाक, मागचं डावं. दोनदाने एक नट काढला, उजेडात धरून पाहिला आणि मान हलवली. आटे गेले असावेत. तो खडू जमिनीवर ठेवून दुसरा नट आणायला चित्राबाहेर गेला.

मग मी आलो. हातमोजे घातलेला, घड्याळाकडे बघणारा. मी चाकाकडे पाहिलं, खाली पडलेला खडू उचलला, चौथी रेघ ओढली आणि गाडीत जाऊन बसलो.

"मागे घे," मी म्हणालो.

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. घाईत होतो, काम झालंय आणि रेघच राहिलीय असं वाटलं असेल. पण हात माझाच होता.

गाडी सुटल्यावर दोनदा धावत आला, मुठीत नट, दोन्ही हात वर. गाडीतून मी वळून पाहिलं, हसलो आणि त्याला हात केला.

"तुझ्या आईला हे कधीपासून ठाऊक आहे?"

"रीळ धुऊन आलं तेव्हापासून. बाबांनी दाखवू दिलं नाही. म्हणाले, त्याचा गुडघा गेलाय, वर हे ओझं कशाला? पण आई म्हणते, सोमवारनंतर दाखवून उपयोग होईल की नाही, सांगता येत नाही."

मला लाज वाटली. पोरीसमोर मान वर करवेना. तिनेच बाबांचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.

"मी बोलतोय," मी म्हणालो.

पलीकडून आलं, "बोला."

अरे-तुरेतला माणूस मला 'बोला' म्हणत होता.

"दोनदा, मी रीळ बघितलं. तू हात वर करून धावत आलास ना, मला वाटलं, तू शुभेच्छा देतोयस."

त्याला दम लागत होता. एकेक शब्द सुटा येत होता.

"थांब म्हणत होतो रे."